गिऱ्हाईकवही संगणकात आणताना : एका कापड पेढीचा अनुभव



मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे पूर्णगड हे आमचे गाव. आमची मूळ गादी गावातच आहे आणि मालाचे गोदाम रत्नागिरीत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी आणि सुरत येथून कापड आणायचे व ते खेडोपाडीच्या दुकानदारांना पोहोचवायचे, हा आमचा दोन पिढ्यांचा धंदा. तीन सेल्समन तीन लाइनींवर फिरतात. एक पावस, गावखडी, आडिवरे, नाटे अशी किनाऱ्याची लाइन. दुसरी लांजा-राजापूरची. तिसरी संगमेश्वर, देवरुख, चिपळूण. सारी मिळून सुमारे दोनशे चाळीस दुकाने. अशा लहान पेढीला सेल्समन लोकांसाठी संगणकाचे सॉफ्टवेअर हवेच कशाला, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. त्याचे उत्तर आम्हाला एका चुकीने दिले. ती चूक आधी सांगतो.

किनाऱ्याची लाइन सव्वीस वर्षे एकच गृहस्थ पाहत होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. पावसाळा सरल्यावर त्यांच्या लाइनीवर आम्ही एका नव्या मुलाला पाठवले. त्याच्या हातात खात्यावरून काढलेली बाकीची यादी होती. त्या यादीत राजापूर तालुक्यातील एका विधवा बाईंच्या दुकानाच्या नावे ६,४८० रुपये बाकी दिसत होते. मुलाने दुकानात चार गिऱ्हाइके उभी असताना पैसे मागितले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पैसे मोजून दिले आणि त्या दिवसापासून आमच्याकडून माल घेणे बंद केले.

आठ महिन्यांनी चाचांच्या घरून त्यांच्या जुन्या डायऱ्या आमच्याकडे आल्या. त्यांत त्या दुकानाच्या नावासमोर उर्दूत लिहिलेले होते की पॉपलीनचे दोन ताके डागाळलेले निघाले, परत घेतले, रक्कम कापायची. चाचांनी शब्द दिला होता आणि माल उचललाही होता. लॉकडाऊनच्या धावपळीत तो गोदामात तसाच पडला आणि गादीवर कोणाच्या कानावर गेला नाही. आम्ही स्वतः त्या बाईंकडे पैसे परत करायला गेलो. त्या म्हणाल्या, "भाई, पैसे काही मोठे नव्हते. चारचौघांत मागितलेत, ते लागलं."

परतीच्या वाटेवर आमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आमचा हिसाब चोख होता, टॅलीत एक रुपयाचा फरक नव्हता. तरीही आम्ही त्या बाईंशी खोटे ठरलो, कारण हिसाबाच्या वहीत शब्द लिहिण्याचा रकानाच नव्हता.

खातेवही वेगळी, गिऱ्हाईकवही वेगळी

टॅली हे नाव आज कोणत्याही बाजारात सांगावे लागत नाही. पण त्याचा जन्म कापडाच्या धंद्याशी जोडलेला आहे, हे थोड्यांना ठाऊक असेल. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवीत असत. आपल्या हिसाबाला सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ते तयार करायला सांगितले. १९८६ साली त्यातून पुढे टॅली म्हणून ओळखले गेलेले सॉफ्टवेअर निघाले. म्हणजे एका व्यापाऱ्याच्या गरजेतून ते आले, म्हणूनच व्यापाऱ्यांनी ते उचलले.

परंतु टॅली सांगते ते घडून गेलेले. माल किती गेला, बिल किती झाले, पैसे किती आले. पुढे काय घडायचे आहे, ते टॅली सांगत नाही. अमुक दुकानदाराला रुबियाचे नवे रंग दाखवतो म्हटले होते, तमुकाने ईदनंतर या म्हणून सांगितले होते, तिसऱ्याची मागच्या मालाबद्दल तक्रार होती आणि ती अजून मिटलेली नाही, या गोष्टी सेल्समनच्या डोक्यात किंवा खिशातल्या डायरीत राहतात. सेल्समन दुबई-कुवेतला गेला, आजारी पडला, दुसऱ्या पेढीत लागला की त्या त्याच्याबरोबर जातात. मग मागे उरते ती फक्त बाकीची यादी, आणि तिचा उपयोग कसा होतो ते वर सांगितलेच आहे.

ही दुसरी वही, जिला आम्ही गिऱ्हाईकवही म्हणतो, तिलाच संगणकाच्या दुनियेत 'कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट', थोडक्यात सी.आर.एम., म्हणतात. नाव भारी आहे, काम साधे आहे. गिऱ्हाईक कोण, त्याच्याशी काय बोलणे झाले, आपण काय कबूल केले आणि पुढे कधी जायचे, हे एका ठिकाणी लिहायचे. ते सेल्समनला त्याच्या मोबाइलवर आणि मालकाला गादीवर दिसले पाहिजे, आणि तारीख आली की आठवण झाली पाहिजे.

अशी सॉफ्टवेअरे प्रथम बड्या कंपन्यांसाठी होती. १९९३ साली अमेरिकेत सीबेल सिस्टिम्स निघाली. तिचा माल घ्यायचा तर आपल्या कचेरीत मोठी यंत्रे बसवावी लागत. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सेल्सफोर्स निघाली आणि तिने तेच काम इंटरनेटवरून, दरमहा वर्गणी घेऊन द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे चेन्नईच्या झोहोने २००५ साली आपले सी.आर.एम. आणले. याच झोहोने २०११ पासून तमिळनाडूतील तेनकाशीजवळच्या मत्तलंपराई या खेड्यात कचेरी चालवली. खेड्यात बसून सॉफ्टवेअर बनवता येते, तर पूर्णगडात बसून ते वापरता का येणार नाही, असे आमच्या चिरंजीवांचे म्हणणे. ते आम्हाला पटले.

मुंबईचे एक उदाहरण

दुकानदाराची माहिती नीट ठेवल्याने काय होते, याचे जवळचे उदाहरण एशियन पेंट्सचे. १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये रंगाचा धंदा सुरू केला. शहरातले मोठे वितरक दाद देत नव्हते, म्हणून ते लहान गावांच्या दुकानदारांकडे वळले आणि लहान डबे काढले. १९६७ पर्यंत ही कंपनी देशात पहिल्या क्रमांकावर आली. पुढे १९७० च्या सुमारास, जेव्हा मोठमोठ्या कारखान्यांतही संगणक दुर्मीळ होता, तेव्हा तिने संगणक घेतला. कोणत्या भागात कोणता रंग, कोणत्या मापाचा डबा, कोणत्या महिन्यात खपतो, याची नोंद ठेवून ती माल पाठवू लागली. मधला घाऊक व्यापारी न ठेवता थेट दुकानदाराला माल देणे तिला जमले, त्याचे एक मोठे कारण ही माहिती होय.

त्यांच्यासारखी यंत्रे व माणसे आपल्याकडे नाहीत हे खरे. पण रंग विकणाऱ्याने गावोगावच्या लहान दुकानाची चौकशी ठेवावी आणि आपण कापडवाल्यांनी 'आपल्याला सगळे तोंडपाठ आहे' या भ्रमात राहावे, हे बरे नाही.

आमची पहिली फसगत

२०२२ साली आम्ही एक सॉफ्टवेअर घेतले. वर्षाचे पैसे आगाऊ भरले. चार महिन्यांत ते बंद पडले. दोष सॉफ्टवेअरचा कमी, आमचाच जास्त होता. तो कसा ते सांगतो, म्हणजे आपले पैसे वाचतील.

पहिली चूक अशी की प्रत्येक दुकानासाठी आम्ही चौतीस रकाने ठेवले. दुकानाचे क्षेत्रफळ, मालकाचा वाढदिवस, शेजारची दुकाने, काय अन् काय. दाखवायला आलेल्या माणसाने जे जे दाखवले ते ते आम्हाला हवेसे वाटले. सेल्समन दिवसाला अठरा-वीस दुकाने करतो. त्याने चौतीस रकाने केव्हा भरावेत? तो रात्री घरी बसून मनाला येईल ते भरू लागला. वहीत खोटे लिहिले जाऊ लागले, आणि खोट्या वहीपेक्षा कोरी वही बरी.

दुसरी चूक याहून वाईट. सेल्समन दिवसभर कुठे फिरतो, हे गादीवर बसून नकाशावर पाहण्याची सोय त्यात होती. ती आम्ही चालू केली. आठवडाभरात आमचे जुने सेल्समन येऊन म्हणाले, "शेठ, वीस वर्षे तुमची वसुली खिशात घेऊन फिरलो, तेव्हा पाळत ठेवली नाहीत. आता ठेवता?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तिसरी चूक म्हणजे त्यांच्या मनातली भीती आम्ही ओळखली नाही. गिऱ्हाइकाची ओळख हीच सेल्समनची पुंजी असते. सगळे संगणकात लिहून दिले की उद्या मालक कमी पगारावर नवा मुलगा ठेवील आणि आपल्याला घरी बसवील, असे त्याला वाटते. ही भीती वेडेपणाची नाही. असे करणारे मालक आहेत.

दुसऱ्या वेळी काय केले

दुसऱ्या वेळी आम्ही संगणकाला हातच लावला नाही. दोन महिने साध्या रजिस्टरवर काम केले. प्रत्येक लाइनीला एक रजिस्टर, प्रत्येक दुकानाला एक पान आणि पानावर फक्त सात रकाने :

१. मोबाइल नंबर
२. दुकानाचे व मालकाचे नाव, गाव
३. तिथे कोणता माल खपतो
४. शेवटची भेट कधी झाली व काय बोलणे झाले
५. आपण दिलेला शब्द
६. परत माल किंवा तक्रार
७. पुढची भेट केव्हा

यातला पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा. भाव धरून ठेवतो, अमुक तारखेपर्यंत माल देतो, डागी ताका बदलून देतो, पैशांची मुदत ईदनंतरची, असा जो जो शब्द सेल्समनच्या तोंडून जातो, तो पेढीचा शब्द असतो. तो त्याच दिवशी लिहिला गेला पाहिजे. दोन महिन्यांत जे रकाने भरले गेले तेच पुढे सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचे आणि जे रिकामे राहिले ते काढून टाकायचे, असे ठरवले होते. सातही टिकले, कारण ते आम्ही सेल्समन लोकांना बरोबर बसवून ठरवले होते.

भीतीचा इलाज लेखी केला. नकाशाची सोय बंद. ज्या सेल्समनने जे दुकान जोडले, त्या दुकानाच्या विक्रीवरचे त्याचे कमिशन तीन वर्षे त्यालाच मिळेल, लाइन बदलली तरीही, असा कागद सही करून प्रत्येकाच्या हातात दिला. त्यानंतर रजिस्टरची पाने खरी भरू लागली. हे आधी केले असते तर वर्षाची वर्गणी वाया गेली नसती.

मग सॉफ्टवेअर. रोज सायंकाळी सात वाजता दहा मिनिटे, जो दिवस झाला तो भरायचा. ज्यांना टाइप करणे जमत नाही ते बोलतात व गादीवरचा मुलगा भरतो. सकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर त्या दिवशीच्या दुकानांची यादी येते. कुठे जायचे, काय शब्द दिला आहे, काय तक्रार बाकी आहे. जे पूर्वी रागावले होते तेच म्हणू लागले की डोक्यावरचे ओझे उतरले. सेल्समनला स्वतःला फायदा दिसल्याशिवाय ही वही चालत नाही.

नावांचा घोळ

रजिस्टरवरून संगणकात माहिती घालताना एक नवीच अडचण आली. आमचे शिक्षण उर्दूतून, मुलांचे मराठी-इंग्रजीतून. एकाच गिऱ्हाइकाला कोणी मोहम्मद लिहितो, कोणी महंमद, कोणी नुसते मो. शेख तीन तऱ्हांनी लिहिला जातो. त्यामुळे एकच दुकान तीनदा चढले आणि एकाच माणसाला तिघांनी तीनदा फोन केला.

यावर उपाय असा की गिऱ्हाईक नावाने ओळखायचेच नाही, मोबाइल नंबराने ओळखायचे. जी.एस.टी. नोंदणी असलेल्या दुकानाला त्याच्या पंधरा अक्षरी नंबराने ओळखावे. त्यात पहिले दोन आकडे राज्याचे असतात (महाराष्ट्राचे २७) व पुढची दहा अक्षरे त्याच्या पॅनची. तो नंबर चुकून दुसऱ्याचा होत नाही. पण खेड्यातल्या पुष्कळ लहान दुकानांना नोंदणी नसते, तिथे मोबाइल हाच आधार. नवे नाव चढवण्यापूर्वी नंबर टाकून शोधायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. मागाहून निस्तरायला फार वेळ जातो.

ईदचा महिना संगणकाला कळत नाही

ही सॉफ्टवेअरे मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून तक्ते दाखवतात. कापडाच्या धंद्यात हा तक्ता फसवतो. आपल्याकडे ईदुल फित्र २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला. म्हणजे २०२५ चा एप्रिल मागच्या एप्रिलशी ताडला तर विक्री कोसळल्यासारखी दिसणार, आणि मार्च पाहिला तर धंदा आभाळाला टेकला असे वाटणार. दोन्ही खोटे. गणपतीचेही तसेच. २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२४ मध्ये ७ सप्टेंबर आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. आमच्या चिरंजीवांनी असा तक्ता पाहून एका सेल्समनला बोल लावला होता. नंतर माफी मागावी लागली.

म्हणून आम्ही प्रत्येक ऑर्डरीला हंगामाचे नाव जोडतो : रमजान-ईद, लग्नसराई, शाळेचे कापड, गणपती, दिवाळी. तुलना हंगामाशी हंगामाची करतो. त्यातून खरेदी कधी करावी हेही कळते. रमजानचा माल ईदच्या किती दिवस आधी दुकानदार मागतात, ते आता अंदाजाने सांगावे लागत नाही, वहीत दिसते.

फायदा काय झाला

विक्री दुप्पट झाली असे आम्ही म्हणणार नाही. सॉफ्टवेअर विकणारे तसे म्हणतात, त्यावर जाऊ नये. जे झाले ते असे. पहिल्याच तिमाहीत कळले की दोनशे चाळीसपैकी पन्नासावर दुकानांत तीन महिने आमचा माणूस फिरकलाच नव्हता. मुख्य रस्त्यावरची, रोख देणारी दुकाने दर आठवड्याला आणि खाडीपलीकडची कधीतरी, असे होत आले होते. कोणी मुद्दाम केले नव्हते, पण कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. त्यांतील बरीच दुकाने पुन्हा चालू झाली.

दुसरे, वसुलीतील कटकट कमी झाली. पैसे मागण्यापूर्वी त्या दुकानाची तक्रार बाकी आहे का, हे पाहिल्याशिवाय आता कोणी तोंड उघडत नाही. तक्रार आधी, वसुली नंतर, हा आमच्या पेढीचा नियम झाला आहे.

तिसरा फायदा माहिती सुरक्षित राहण्याचा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा मालाबरोबर व्यापाऱ्यांच्या वह्या आणि बिलेही चिखलात गेली. आमच्या तिथल्या गिऱ्हाइकांनी आम्हालाच विचारले की आमचा हिसाब काय आहे ते सांगा. बिले आमच्याकडे होती, ती दिली. पण तोंडी ठरलेले भाव व परत माल कोणालाच सांगता येईना. दोन्ही बाजूंनी थोडे सोडून मिटवले. आज तसे झाले, अल्लाह न करो, तर तो शब्दही जागेवर सापडेल. मात्र महिन्याच्या शेवटी सारी माहिती एका पेनड्राइव्हवर उतरवून ती वेगळ्या घरात ठेवावी. सगळा भरवसा एकाच ठिकाणी ठेवू नये.

घेण्यापूर्वी हे विचारावे

- आपली माहिती केव्हाही साध्या एक्सेलच्या पानावर बाहेर काढता येते का? येत नसेल तर घेऊ नये. उद्या कंपनी बदलायची झाल्यास आपण अडकतो.
- मोबाइलला रेंज नसताना नोंद करता येते का? आडिवरे-नाटे बाजूला काही ठिकाणी रेंज जाते. आपल्या लाइनीवर नेऊन पाहावे, कचेरीत बसून पाहू नये.
- देवनागरीत लिहिता व शोधता येते का?
- टॅलीतली बाकी त्यात दिसते का, की ती पुन्हा हाताने चढवावी लागते?
- माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचे खाते त्याच दिवशी बंद करून त्याच्या नोंदी पेढीकडे राहतात का?
- खरा खर्च किती? भाव माणशी दरमहा असतो. तीन माणसे, बारा महिने आणि वर १८ टक्के जी.एस.टी. असा हिसाब करावा. काही कंपन्या दोन-तीन माणसांपर्यंत फुकट वापरू देतात, त्यांच्या अटी नीट वाचाव्यात.

आणखी एक गोष्ट. सेल्समन ज्या नंबरावरून गिऱ्हाइकांशी बोलतो ते सिमकार्ड पेढीच्या नावावर असावे. दुकानदार नंबर जपून ठेवतो. नंबर गेला की संबंध गेला.

कारागिरांसाठी

शिंपी, सुतार, भरतकाम करणाऱ्या भगिनी, अबाया शिवणारे, यांना इतका खटाटोप करण्याची गरज नाही. २०१८ साली आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये गिऱ्हाइकाला लेबल लावण्याची सोय फुकट आहे : नवे गिऱ्हाईक, पैसे बाकी, काम पूर्ण. त्याच्या जोडीला एक वही ठेवावी. शिंप्याने मापे, कपडा देण्याची तारीख आणि मागच्या वेळी गिऱ्हाईक काय म्हणाले, बाही लांब झाली की गळा तंग, एवढे लिहिले तरी पुरे. गिऱ्हाईक पुढच्या ईदला आले आणि तुम्ही स्वतःहून म्हणालात की मागच्या वेळी बाही लांब झाली होती, या वेळी ध्यानात आहे, तर ते दुसऱ्याकडे जाणार नाही.

ही माहिती अमानत आहे

शेवटी एक गंभीर गोष्ट. कोण किती उधारीवर आहे, कोणाचा धंदा बसला आहे, कोणाच्या घरी लग्न आहे, हे सारे आपल्या वहीत येते. ही लोकांची अमानत आहे. ती दुसऱ्या पेढीला दाखवणे, नंबरांची यादी कोणाला विकणे, चहाच्या टेबलावर बोलणे, हे सारे खयानतीत येते. कायदाही आता तेच म्हणतो. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. तो टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, संमतीने घ्यावी आणि सांभाळून ठेवावी, हा त्याचा गाभा आहे. आम्ही गिऱ्हाइकाची जात, आजार, घरातल्या भानगडी यांपैकी काही लिहू देत नाही. व्यापाराला लागते तेवढेच लिहायचे. आमच्या सेल्समनना आम्ही सांगतो की गिऱ्हाईक स्वतः येऊन आपले पान वाचू लागले तरी आपल्याला मान खाली घालावी लागू नये, असे लिहा.

लिहून ठेवणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदत ठरवावी, लिहावे, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण आहे. आम्ही ती आयत लहानपणापासून ऐकत आलो आणि रक्कम लिहीतही आलो. रकमेच्या बाजूला दिलेला शब्द मात्र लिहायचा राहिला.

आता थोडक्यात. आधी सेल्समनशी बसून बोला, त्यांचा हक्क लेखी द्या. दोन महिने कागदावर चालवा. रकाने सातच्या वर नेऊ नका. गिऱ्हाईक नंबराने ओळखा. तुलना हंगामाशी करा. महिन्याला एक प्रत बाहेर काढा. आणि सॉफ्टवेअर शेवटी घ्या.

त्या बाईंचे दुकान आमच्या वहीत आजही आहे. पैसे परत केल्यावर वर्षभर त्यांनी माल घेतला नाही. आमचा माणूस दर महिन्याला जाऊन फक्त खुशाली विचारून येत असे, मागणे काही नाही. गेल्या गणपतीच्या आधी त्यांनी परकराच्या कापडाचे चार ताके मागवले. ते दिलेल्या दिवशी पोहोचले. पाचव्या रकान्यात तशी नोंद आहे.

हुशार संगणक एतबार तयार करीत नाही. एतबार माणूसच करतो. संगणकाने एवढेच करावे की आपण दिलेला शब्द आपल्याला विसरू देऊ नये.